तीन खाटकांच्या नीशची रुंदी मोजताना

खानदेशातल्या कोरडवाहू शिवारात बांधावरच्या बाभळीकडे किंवा विजेच्या तारेकडे पाहिलं, की कुठला ना कुठला खाटीक पक्षी बसलेला दिसतोच. आमच्या जळगाव जिल्ह्यात मी तिघांचा अभ्यास करते: नकल्या खाटीक, करडा खाटीक आणि तिघांत सर्वांत लहान असलेला छोटा खाटीक. तिघंही लॅनियस या एकाच जीनसमधले. तिघांची शिकारीची रीतही सारखीच. मोक्याच्या जागी बसायचं, खाली नजर ठेवायची, झेपावून भक्ष्य पकडायचं आणि जादा झालेलं काट्याला टोचून ठेवायचं. इतके जवळचे नातलग एकाच शिवारात पोट भरत असतील, तर त्यांच्यात चोखंदळ कोण आणि सगळं चालवून घेणारा कोण, हा माझ्या पीएच.डी.चा प्रश्न आहे.

पर्यावरणशास्त्रात याला नीशची रुंदी म्हणतात. जात काय खाते, कुठे बसते, कोणत्या ऋतूत कुठे असते, ही तिच्या जगण्याची चौकट म्हणजे नीश. एव्हलिन हचिन्सन यांनी १९५७ मध्ये ही चौकट अनेक अक्षांच्या अवकाशासारखी मांडली. अक्ष आले की रुंदी मोजता येते. मी तीन अक्ष घेतले: भक्ष्याचा प्रकार, बसण्याची उंची आणि शिवाराचा प्रकार.

खानदेशातला पक्षी म्हटल्यावर पुष्कळांनी रानपिंगळ्याचं नाव सुचवलं होतं. ते साहजिकच आहे. १८८४ नंतर ज्याची खात्रीशीर नोंद नव्हती, तो पक्षी १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्याच्याबद्दल मला अपार जिव्हाळा आहे. पण दोन जातींची तुलना करायची तर दोन्हीकडे पुरेशा स्वतंत्र जोड्या हव्यात, आणि इतक्या दुर्मीळ पक्ष्याच्या ढोलीखाली केवळ माझ्या आकड्यांसाठी पुन्हा पुन्हा जाणं मला पटेना. खाटीक मात्र अमळनेर-पारोळ्याच्या कपाशीत आहेत, तापीकाठच्या केळीच्या बागांच्या कडेला आहेत, चोपडा-यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याशीही आहेत.

चाचणी कोणती लावायची हे विचारायला मी आमच्या कॉलेजच्या संख्याशास्त्राच्या मॅडमकडे गेले. चाचणीचं नाव निघायच्या आधी त्यांनी एक्सेलमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही एक ओळ म्हणजे काय?"

"एक शिकार, मॅडम. एका पक्ष्यानं पकडलेलं एक भक्ष्य."

"आणि ही खालची ओळ? तोच पक्षी की दुसरा?"

पुढचं सगळं या प्रश्नातून निघालं. याच प्रश्नाचं उत्तर पारोळ्याकडच्या एका शेतकरी दादांनी आधीच देऊन टाकलं होतं. सुरुवातीच्या पाहणीत मी त्यांच्या बांधावर दुर्बीण लावून बसले होते. ते म्हणाले, "काय मोजी ऱ्हायनात ताई? तो एकच शे ना. रोज त्याच बाभूयवर बसस." खाटीक आपली हद्द राखणारे पक्षी आहेत. एका हद्दीत एक जोडी असते आणि तिच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात. म्हणून प्रत्येक हद्दीला नकाशावर क्रमांक देऊन तो प्रत्येक नोंदीसमोर लिहायचा, हे मी त्याच आठवड्यात ठरवलं. एका बाभळीवरून पकडलेले चाळीस नाकतोडे म्हणजे चाळीस स्वतंत्र पुरावे नाहीत. ती एकाच जोडीची सवय चाळीस वेळा दिसलेली असते. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये अशा मोजणीला स्यूडोरेप्लिकेशन हे नाव दिलं आणि पर्यावरणशास्त्रातल्या पुष्कळ शोधनिबंधांत हा दोष असल्याचं दाखवून दिलं. माझ्या मते प्रत्येक एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यानं तो लेख शिवारात पाऊल टाकण्याआधी वाचायला हवा.

भक्ष्याच्या अक्षावर सगळ्यांना आधी काय-स्क्वेअर ही चाचणी सुचते, कारण समोर मोजदादीचा तक्ता असतो: ओळींत जाती, रकान्यांत नाकतोडे, भुंगेरे, अळ्या, सरडे. पण काय-स्क्वेअर वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतं. मॅडमनी फळ्यावर मांडलेलं उदाहरण तसंच देते. समजा एका जातीच्या आहारात ७० टक्के नाकतोडे, २० टक्के भुंगेरे आणि १० टक्के सरडे आहेत. दुसरीच्या आहारात ७० टक्के भुंगेरे, २० टक्के सरडे आणि १० टक्के नाकतोडे. काय-स्क्वेअर सांगणार की दोघींत प्रचंड फरक आहे, आणि ते खरंच आहे. पण रुंदी? रिचर्ड लेव्हिन्स यांचा १९६८ चा निर्देशांक घ्या. प्रत्येक प्रमाणाचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज करायची आणि एकाला त्या बेरजेनं भागायचं. ०.४९ अधिक ०.०४ अधिक ०.०१ म्हणजे ०.५४, आणि १ भागिले ०.५४ म्हणजे १.८५. दोन्ही जातींना हेच उत्तर येतं. तीन प्रकार असताना हा आकडा जास्तीत जास्त ३ होऊ शकतो, म्हणून एक वजा करून दोननं भागला तर शून्य ते एकच्या पट्टीवर ०.४३ येतो. दोघी सारख्याच चोखंदळ आहेत, फक्त आवड वेगळी. आहार वेगळा असणं आणि आहार रुंद असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आहार किती जुळतो हे सांगणारे पियान्का यांच्यासारखे निर्देशांकही तिसऱ्याच प्रश्नासाठी असतात.

निर्देशांक ठरला, तरी अडचण तशीच राहिली. प्रत्येक जातीला लेव्हिन्सचा एकच आकडा मिळतो. तीन जाती, तीन आकडे. त्यांच्यावर टी-टेस्ट, म्हणजे सरासऱ्या ताडायची नेहमीची चाचणी, कशी लावणार? विविधता मोजणारा शॅनन निर्देशांक वापरला तर हचेसन यांची १९७० ची टी-चाचणी तयार आहे, आणि ती पुष्कळ प्रबंधांत दिसते. पण ती प्रत्येक भक्ष्याला स्वतंत्र नमुना धरते, म्हणजे आपण पुन्हा त्याच बाभळीवरच्या चाळीस नाकतोड्यांपाशी येतो. मी ती करून पाहिली, आणि जातींच्या प्रत्येक जोडीत पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना नुसत्या योगायोगानं असा निकाल यायची शक्यता) नगण्य आली. असा निकाल पाहून आनंद होण्याऐवजी शंका यायला हवी. भक्ष्यांची संख्या वाढवत नेली तर या हिशेबात कसलाही बारीक फरक 'सिग्निफिकंट' होतो, आणि जोड्या मात्र तेवढ्याच राहतात.

मग दोन वाटा उरल्या. पहिली वाट अशी, की प्रत्येक हद्दीची वेगळी रुंदी काढायची आणि ते आकडे जातींमध्ये ताडून पाहायचे. हद्द हाच नमुना झाल्यामुळे गटांची तुलना करणारी क्रुस्कल-वॉलिस चाचणी किंवा हद्दींवरची जातींची लेबलं फिरवून केलेली परम्युटेशन चाचणी चालते. पण इथे दोन गोष्टी आडव्या येतात. ज्या हद्दीत पाचच शिकारी दिसल्या, तिथे पाचपेक्षा जास्त प्रकार दिसूच शकत नाहीत, म्हणून कमी नोंदींच्या हद्दी उगाच चोखंदळ वाटतात. यावर उपाय आहे. प्रमाणांच्या वर्गांऐवजी एन गुणिले एन-वजा-एक या रूपातलं सिम्पसन यांचं १९४९ चं सूत्र वापरायचं, किंवा सगळ्या हद्दी समान नोंदींवर आणून रेअरफॅक्शन करायचं.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. समजा एका हद्दीतली जोडी फक्त नाकतोडे खाते आणि शेजारच्या हद्दीतली फक्त भुंगेरे. दोन्ही एकत्र केल्यावर लेव्हिन्स २ येतो, पण प्रत्येकीचा १ च आहे. दुसऱ्या एखाद्या जातीत प्रत्येक जोडी दोन्ही निम्मं-निम्मं खात असेल, तर एकत्रही २ आणि प्रत्येकीचाही २. जातीची रुंदी तीच, पण जगण्याची तऱ्हा पूर्ण वेगळी. जोन रफगार्डन यांनी १९७२ मध्ये एकूण रुंदीचे असे दोन भाग वेगळे केले: एकेका प्राण्याच्या आतली रुंदी आणि प्राण्याप्राण्यांमधला फरक. हद्दीनिहाय आकडे ताडणं म्हणजे पहिल्या भागाची तुलना. मला एकूण रुंदीही हवी होती.

त्यासाठी दुसरी वाट, बूटस्ट्रॅप. ब्रॅडली एफ्रॉन यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही पद्धत. आपल्याच नमुन्यातून परत-परत निवड करायची, निवडलेला नमुना पुन्हा टोपलीत टाकायचा आणि दर वेळी निर्देशांक नव्यानं काढायचा. कळीची गोष्ट ही, की चिठ्ठी हद्दीची काढायची, भक्ष्याची नाही. हद्द निवडली की तिच्या सगळ्या नोंदी तिच्यासोबत येतात. दहा हजार वेळा असं करून दोन जातींच्या रुंदीतला फरक काढला आणि त्याच्या दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के कापले. मधल्या पट्ट्यात शून्य असेल, तर फरकाचा दावा करता येत नाही. दोन जातींचे स्वतंत्र पट्टे शेजारी-शेजारी काढून ते एकमेकांवर चढतात का ते बघणं पुरेसं नाही. पट्टा फरकाचाच काढावा लागतो, कारण स्वतंत्र पट्टे थोडे एकमेकांवर आले तरी फरकाचा पट्टा शून्याबाहेर असू शकतो.

परम्युटेशनबद्दल मॅडमनी एक बारकावा दाखवला, तो मला कुठल्याच मार्गदर्शकात ठळकपणे लिहिलेला आढळला नाही. दोन जातींच्या हद्दींची लेबलं फिरवून एकूण रुंदी काढली, तर फिरवलेल्या प्रत्येक गटात दोन्ही जातींचा आहार मिसळतो. मिश्रण बहुतेक वेळा मूळ दोन्ही आहारांपेक्षा रुंद असतं. म्हणजे ती चाचणी 'आहार सगळ्याच बाबतींत सारखा आहे' हे गृहीतक तपासते. 'रुंदी सारखी, आवड वेगळी' ही शक्यता तिच्या हिशेबात नाही. मला तीच शक्यता तपासायची होती. म्हणून हद्दीनिहाय आकड्यांसाठी परम्युटेशन आणि एकूण रुंदीसाठी बूटस्ट्रॅप, असं ठरलं.

बसण्याच्या उंचीचा अक्ष सोपा वाटला होता. खुणा केलेला बांबू घेऊन खालून उंची मोजायची, तारेची असेल तर क्लिनोमीटर या कोन मोजायच्या साधनानं. मग जातींच्या सरासरीत फरक आहे का ते पाहायचं, असं कुणीही म्हणेल. पण सरासरी ही जागा आहे, रुंदी नव्हे. रुंदी म्हणजे पसारा, म्हणजे व्हेरिअन्स. दोन व्हेरिअन्सची तुलना करणारी पुस्तकातली एफ-टेस्ट नॉर्मल, म्हणजे मध्ये एकच उंचवटा असलेल्या घंटेसारख्या वितरणावर उभी असते, आणि माझा आलेख नॉर्मलच्या जवळपासही नव्हता. बोरी-बाभळीच्या कुंपणांपाशी एक ढीग, विजेच्या तारांपाशी दुसरा ढीग, मध्ये जवळजवळ मोकळं. पऱ्हाटीच्या शेंड्यावर बसलेले थोडे, तेही तोडणीच्या दिवसांतले. अशा वेळी मीडियनपासूनचं अंतर घेणारी ब्राउन-फॉर्साइथ यांची १९७४ ची चाचणी किंवा क्रमांकांवर चालणारी फ्लिग्नर-किलीन चाचणी जास्त भरवशाची. इथेही आधी हद्दीचा विचार करावाच लागतो. शिवाय जास्त उंचीवर बसणाऱ्या पक्ष्याचा पसारा मीटरमध्ये आपोआप मोठा दिसतो, म्हणून उंचीचा लॉग घेऊनही तेच गणित पुन्हा केलं.

आणि एक गोष्ट चाचणीच्या हातात नाहीच. तारेवरचा पक्षी रस्त्यावरूनही दिसतो, कुंपणातला दिसत नाही. म्हणून जो दिसेल त्याची नोंद, ही पद्धत सोडून एक हद्द ठरलेला वेळ पाहायची आणि दर दहा मिनिटांनी पक्षी जिथे असेल ती उंची लिहायची, असं केलं.

भक्ष्याच्या तक्त्यातला 'अनोळखी' हा रकाना माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचा. छोटा खाटीक बारकं काहीतरी उचलतो आणि क्षणात गिळतो. करडा खाटीक सरडा घेऊन काट्यापाशी जातो, तेव्हा तो निवांत ओळखता येतो. म्हणजे अनोळखींचं प्रमाण तिन्ही जातींत सारखं नाही. ते गाळले तर छोट्या खाटकाच्या आहारातला बारीक किड्यांचा भागच पुसला जातो. त्यांचा एक वेगळा प्रकार धरला तर नसलेला प्रकार तयार होतो. मी दोन्ही तऱ्हांनी गणित करून दोन्ही उत्तरं प्रबंधात ठेवली. काट्यावर टोचलेलं भक्ष्यही आहाराच्या मोजणीत मिसळलं नाही, कारण काट्यावर मोठंच भक्ष्य जास्त उरतं. प्रकारांची पातळीही तिघांसाठी एकच ठेवली. एका जातीला 'कीटक' आणि दुसरीला 'नाकतोडे, भुंगेरे, रातकिडे' असं केलं, तर रुंदी पक्ष्याची न राहता माझ्या तक्त्याची होईल.

यानंतर प्रश्न आला उपलब्धतेचा. केळीच्या बागेत बाराही महिने ओल असते. कोरडवाहू कपाशीत पावसाळ्यात किड्यांची रेलचेल आणि उन्हाळ्यात, जळगाव-भुसावळ पंचेचाळीस अंशांवर तापतं तेव्हा, जमीन भेगाळलेली. फवारणी झालेल्या शेतात तर दुसऱ्या दिवशी चित्रच बदलतं. अशा शेतात ज्याची हद्द आहे, तो खाटीक फक्त नाकतोडे खात असेल तर तो चोखंदळ, की तिथे दुसरं काही उरलेलंच नाही? लेव्हिन्सचा मूळ निर्देशांक सगळी साधनं सारखीच उपलब्ध धरतो. हर्लबर्ट यांनीच १९७८ मध्ये यावर तोड दिली: प्रत्येक प्रमाणाच्या वर्गाला त्या साधनाच्या उपलब्धतेनं भागायचं, मग बेरीज करायची आणि एकाला त्या बेरजेनं भागायचं. पर्याय म्हणून फाइनसिंगर आणि सहकाऱ्यांचा १९८१ चा निर्देशांकही आहे. तो आहाराची आणि उपलब्धतेची प्रमाणं किती जुळतात ते सांगतो. मला तो आवडतो, कारण अगदी दुर्मीळ भक्ष्य एखाद्या वेळी खाल्लं गेलं तर हर्लबर्टचा आकडा त्यानं फार हलतो. फाइनसिंगर यांचा फारसा हलत नाही. मात्र उपलब्धता मोजायला जाळी फिरवावी लागते, जमिनीत डबे पुरावे लागतात, आणि तेही प्रत्येक हद्दीत. कपाशीत ते केलं. केळीच्या बागांत ते व्हायचं आहे.

माझ्या गाइड सरांनी मसुदा वाचल्यावर विचारलं, "जाती नातलग आहेत, मग फायलोजेनी लावायला नको का?" फायलोजेनी म्हणजे जातींचा वंशवृक्ष. प्रश्न रास्त होता. जवळच्या जाती समान पूर्वजामुळे सारख्या असतात, म्हणून त्यांना स्वतंत्र नमुने धरता येत नाही, हे जोसेफ फेल्सनस्टाइन यांनी १९८५ मध्ये दाखवलं आणि त्यावर उपायही दिला. पण तो उपाय वेगळ्या दाव्यासाठी आहे. 'मोठ्या चणीच्या खाटकांची रुंदी जास्त असते' असं म्हणायचं असेल तर जात हाच नमुना होतो, आणि मग वंशवृक्षावरच्या पुष्कळ जाती लागतात. तीन जातींत ते होत नाही. माझा दावा एवढाच आहे की या शिवारात, या ऋतूंत, या तीन जातींची रुंदी सारखी आहे की नाही. सरांना ते पटलं, आणि त्यांनी चणीबद्दलचं माझं एक वाक्य चर्चेच्या प्रकरणातून काढायला लावलं. ते वाक्य मला फार प्रिय होतं, पण सरांचं म्हणणं बरोबर होतं.

तिन्ही अक्ष एकत्र बघायचे तर मार्टी अँडरसन यांची २००६ ची पद्धत आहे. तीत प्रत्येक नमुन्याचं आपल्या गटाच्या केंद्रापासूनचं अंतर ताडून पाहतात. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या व्हेगन पॅकेजात ती तयार मिळते. ती परिशिष्टात ठेवली. हवामानाच्या नकाशांवरून नीशचं मॉडेल करणं हा दुसरा मोठा प्रांत आहे, पण एका जिल्ह्यात तिन्ही जातींना हवामान एकच असल्यानं मी तिकडे वळले नाही. तीन जाती, तीन अक्ष आणि दोन ऋतू मिळून चाचण्यांची रांग लागते आणि एखादी नुसत्या योगायोगानंही फरक दाखवू शकते, म्हणून पी-व्हॅल्यूंना होल्म यांची १९७९ ची दुरुस्ती लावली आणि मुख्य प्रश्न कोणता, हे आकडे पाहण्याआधीच लिहून ठेवलं.

निकाल असे आले. भक्ष्य हा नमुना धरला तेव्हा तिन्ही जाती आहाराच्या रुंदीत एकमेकींपेक्षा स्पष्ट वेगळ्या दिसत होत्या. हद्द हा नमुना धरल्यावर फरकाचे पट्टे रुंदावले आणि आहाराच्या बाबतीत शून्य त्यांच्या आत आलं. उंचीच्या पसाऱ्यातला फरक मात्र लॉग घेऊनही टिकला. मी तो तसाच लिहिला आहे. आहारात फरक नाही असं मी म्हणत नाही, एवढ्या हद्दींवरून तो दाखवता येत नाही, असं म्हणते. हद्दी थोड्या असल्या की बूटस्ट्रॅपचे पट्टे खऱ्यापेक्षा जरा अरुंदच निघतात, हेही शेजारी नमूद केलं.

मग मॅडमनी आणि मी मिळून संगणकावर काल्पनिक खाटीक तयार केले, ज्यांची खरी रुंदी आम्हीच ठरवली होती. एकदा प्रत्येक हद्दीतल्या नोंदी दुप्पट केल्या, एकदा नोंदी तेवढ्याच ठेवून हद्दी दुप्पट केल्या. नोंदी वाढवून पट्टा थोडासाच आक्रसला. हद्दी वाढवल्यावर तो चांगलाच आक्रसला. म्हणून येत्या खरिपात एकेका बाभळीखाली दिवसभर बसण्याऐवजी एरंडोल आणि शिंदखेड्याकडे नव्या हद्दी शोधायच्या, प्रत्येकीला कमी वेळ द्यायचा, आणि कॉलेजच्या दोन विद्यार्थ्यांना नोंदींचं काम शिकवायचं, असं ठरलं आहे. नव्या नोंदवहीत पहिला रकाना हद्द क्रमांकाचा आहे, दुसरा निरीक्षकाच्या नावाचा, कारण तिघंजण तीन तऱ्हांनी 'अनोळखी' लिहिणार आणि तोही फरक गणितात धरावा लागणार.